फोटो, डिझाइन, व्हिडिओ, संगीत: सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनवर घ्यावं की कायमस्वरूपी परवान्यावर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. स्वस्त काय पडेल हे सगळेच विचारतात. पण पैसे भरणं ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी हातात काय उरेल, हे त्याआधी विचारावं, असं लिहिणाऱ्याचं मत आहे. बहुतेक उत्तरांत तेच डोकावेल.

दोन्हींत नेमका फरक काय?

सबस्क्रिप्शनमध्ये ठरावीक मुदतीपुरते पैसे भरायचे, आणि त्या मुदतीत जी नवी आवृत्ती येईल ती मिळते. भरणं थांबलं की वापर थांबला. कायमस्वरूपी परवान्यात एकदाच पैसे भरून एक विशिष्ट आवृत्ती वापरण्याचा हक्क मिळतो. त्या हक्काला मुदत नसते, पण पुढची मोठी आवृत्ती हवी असेल तर बहुधा पुन्हा खिशात हात घालावा लागतो.

म्हणजे कायमस्वरूपी परवाना घेतला की सॉफ्टवेअर माझ्या मालकीचं झालं?

नाही. मालकी कंपनीचीच राहते, तुम्हाला मिळते ती परवानगी. तुमचा परवाना दुसऱ्याला विकता येईल का, हे तुम्ही कुठे राहता त्यावरही ठरतं. अमेरिकेत २०१० साली व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात अपील न्यायालयाने ऑटोकॅड या ऑटोडेस्कच्या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रती विकणाऱ्याच्या विरोधात निकाल दिला. त्या प्रती मुळात विकलेल्याच नव्हत्या, फक्त परवान्यावर दिल्या होत्या, असं न्यायालयाचं म्हणणं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट विरुद्ध ऑरॅकल प्रकरणात जवळजवळ उलटं सांगितलं: मुदत नसलेला परवाना पैसे देऊन घेतला असेल तर तो पुढे विकता येतो, मात्र विकताना स्वतःची प्रत निकामी करायची. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून एक कायदा लागू आहे. ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूच्या बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहिता येत नाही.

या दोघांच्या मधलं काही असतं का?

असतं, आणि जाहिरातीत ते पटकन ओळखू येत नाही. फोटोशॉप एलिमेंट्स, म्हणजे अ‍ॅडोबीच्या फोटोशॉपची सोपी आवृत्ती, वर्षानुवर्षं एकदाच पैसे भरून मिळत होतं. २०२५च्या आवृत्तीपासून त्याला तीन वर्षांची मुदत आली. पैसे एकदाच भरायचे, दरमहा काही नाही, पण तीन वर्षांनी संपादन बंद. पावती कायमस्वरूपी परवान्यासारखी दिसते आणि वागणूक सबस्क्रिप्शनची.

दुसरा प्रकार ग्राहकाच्या फायद्याचा आहे: हप्ते भरत राहायचे आणि पूर्ण किंमत फिटली की परवाना तुमचा. संगीताच्या प्लगइनमध्ये, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये, स्प्लाइस या कंपनीने हा मार्ग रुळवला. काही कंपन्या आणखी एक सोय देतात. ठरावीक काळ सलग सबस्क्रिप्शन भरलं की त्यातली एक आवृत्ती तुम्हाला कायमची मिळते. अशी तरतूद दिसली तर तिला किंमत द्या, कारण भरणं थांबवण्याची मुभा तिच्यातच आहे.

सगळ्या कंपन्या सबस्क्रिप्शनच्याच मागे का लागल्या?

सगळ्या लागल्या नाहीत, पण मोठ्या लागल्या. अ‍ॅडोबीने मे २०१३मध्ये जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूट ६ हा एकदाच पैसे भरून मिळणारा आपल्या सॉफ्टवेअरचा शेवटचा संच, यापुढचं सगळं क्रिएटिव्ह क्लाउडच्या सबस्क्रिप्शनवर. ऑटोडेस्कने ३१ जानेवारी २०१६नंतर आपल्या बहुतेक सुट्या सॉफ्टवेअरचे नवे कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं.

कारणं उघड आहेत. दर दीड-दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढायची, ती विकली जाईपर्यंत श्वास रोखायचा, आणि लोकांनी ‘जुनीच बरी आहे’ म्हटलं की हिशेब कोलमडायचा, यापेक्षा दरमहा ठरलेली रक्कम येणं कुठल्याही कंपनीला आवडेल. दुसरी बाजूही खरी आहे. जुन्या पद्धतीत नव्या आवृत्तीचा खप व्हावा म्हणून दिखाऊ सुविधा राखून ठेवल्या जायच्या आणि कंटाळवाण्या दुरुस्त्या मागे पडायच्या. ऑपरेटिंग सिस्टिम दरवर्षी बदलते, कॅमेरे बदलतात, आणि ते सांभाळणाऱ्या प्रोग्रामरना पगार लागतो.

पण ग्राहकांचं काहीच चालत नाही असंही नाही. मार्च २०२३मध्ये वेव्हज या ऑडिओ प्लगइन बनवणाऱ्या कंपनीने सुटे परवाने बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवलं. संगीतकार आणि ध्वनिमुद्रण करणारे इतके खवळले की काही दिवसांतच कंपनीने माघार घेऊन परवाने पुन्हा सुरू केले.

पैशांचा हिशेब कसा करायचा?

समजा, कायमस्वरूपी परवान्याची किंमत तीस महिन्यांच्या सबस्क्रिप्शनइतकी आहे आणि अपग्रेड त्याच्या निम्म्यात मिळतं. सहा वर्षं वापरायचं ठरवलं तर सबस्क्रिप्शनचे ७२ महिने भरावे लागतील. परवाना घेऊन दर दोन वर्षांनी, म्हणजे दोनदा अपग्रेड केलं तर खर्च ६० महिन्यांइतका. फरक फार मोठा नाही. मध्ये एकदाच अपग्रेड केलं तर ४५, आणि अजिबात केलं नाही तर ३०.

म्हणजे सगळा हिशेब तुमच्या अपग्रेडच्या सवयीवर उभा आहे. दर नवी आवृत्ती लागतेच अशा माणसाला कायमस्वरूपी परवान्यातून बचत कमी आणि मानसिक समाधान जास्त मिळतं. सहा वर्षं एकाच आवृत्तीवर काढणाऱ्याचा खर्च निम्म्याहून कमी होतो. इथे स्वतःशी खरं बोला. मागच्या दोन वर्षांत आलेल्या नव्या सुविधांपैकी तुम्ही रोज वापरता अशा किती, ते मोजून बघा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. काम अधूनमधून येत असेल, वर्षातून दोन-तीन महिनेच व्हिडिओ संपादन करावं लागत असेल, तर वार्षिक करार नसलेलं, महिन्यापुरतं सबस्क्रिप्शन सगळ्यात स्वस्त पडू शकतं. महाग वाटणारा तो सुटा मासिक दर अशा माणसासाठीच आहे.

कायमस्वरूपी परवाना खरंच कायम चालतो का?

हक्क कायम राहतो. सॉफ्टवेअर चालेल याची हमी त्यात नसते. ते चालणं चार-पाच गोष्टींवर अवलंबून असतं आणि त्यातली एकही तुमच्या परवान्यात लिहिलेली नसते.

पहिली ऑपरेटिंग सिस्टिम. ऑक्टोबर २०१९मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं. क्रिएटिव्ह सूट ६चे बरेच भाग त्यात अडकले. कागदावर परवाना शाबूत, पण नव्या मॅकवर उपयोग शून्य.

दुसरी अ‍ॅक्टिव्हेशन. सॉफ्टवेअर नव्या कम्प्युटरवर टाकलं की ते कंपनीच्या सर्व्हरकडे परवानगी मागतं, आणि तो सर्व्हर एक दिवस बंद होतो. क्रिएटिव्ह सूट २चे सर्व्हर बंद झाले तेव्हा अ‍ॅडोबीने जुन्या ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत उपलब्ध करून दिली, हे चांगलं झालं. पण तो कंपनीचा चांगुलपणा होता, तुमचा हक्क नव्हता. संगीताच्या जगात स्टाइनबर्ग कंपनीची डोंगलवर, म्हणजे परवाना साठवणाऱ्या यूएसबी काडीवर, चालणारी ई-लायसन्सर सेवा मे २०२५मध्ये बंद झाली. आहे ते डोंगल चालतंय तोवर ठीक. ते हरवलं किंवा बिघडलं, तर त्यावरचा परवाना परत मिळवायची जुनी वाट आता नाही.

तिसरी, सॉफ्टवेअरच्या आत दडलेल्या बाहेरच्या सेवा. लाइटरूम हे अ‍ॅडोबीचं फोटो सांभाळायचं आणि संपादायचं सॉफ्टवेअर; लाइटरूम ६ ही कायमस्वरूपी परवान्यावर मिळालेली शेवटची लाइटरूम. तिच्यातला नकाशाचा भाग गूगलच्या नकाशा सेवेवर उभा होता आणि २०१८च्या अखेरीस तो चालेनासा झाला. बाकी लाइटरूम ठणठणीत, नकाशा तेवढा कोरा.

चौथी, नवे कॅमेरे. जुन्या आवृत्तीला नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, ओळखता येत नाही. यावर पळवाट आहे: अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून फाइल डीएनजी या सर्वसाधारण रॉ प्रकारात बदलून घ्या, मग जुनी आवृत्तीही ती उघडते. एक पायरी वाढते आणि डिस्कवर जागा जास्त लागते, पण निव्वळ एका कॅमेऱ्यापायी अपग्रेड करावं लागत नाही.

या सगळ्यामुळे कायमस्वरूपी परवाना फसवा ठरत नाही. फक्त त्याचं आयुष्य तुमच्या सध्याच्या कम्प्युटरच्या आयुष्याएवढं, फार तर त्याहून थोडं अधिक धरावं. त्यापुढे चाललं तर नफा.

मग सबस्क्रिप्शनच जास्त सुरक्षित नाही का? निदान नेहमी अद्ययावत तरी राहतं.

अद्ययावत राहतं, पण अपडेटबरोबर काही गोष्टी जातातही. २०२२च्या उत्तरार्धात अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमधून छपाईचे रंग क्रमांकाने ठरवून देणाऱ्या पॅन्टोन कंपनीच्या बऱ्याच रंगसूची काढल्या गेल्या आणि जुन्या फोटोशॉप फाइल्समध्ये त्या रंगांच्या जागी काळा दिसू लागला. ते रंग परत हवे असतील तर पॅन्टोनचं वेगळं सबस्क्रिप्शन. जानेवारी २०२३पासून टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधार संपला, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं ते फॉन्ट जमवले होते त्यांना पर्याय शोधावे लागले.

जुन्या आवृत्तीला चिकटून राहू म्हणाल, तर मे २०१९मध्ये क्रिएटिव्ह क्लाउडच्या काही ग्राहकांना कंपनीकडून कळवण्यात आलं की ते वापरत असलेल्या जुन्या आवृत्त्या वापरायचा परवाना आता त्यांच्याकडे नाही. पैसे नियमित भरूनसुद्धा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करण्याची घोषणा अ‍ॅडोबीने केली. पुढे अमेरिकी सरकारची परवानगी मिळाल्यावर सेवा चालू राहिली, पण तिथल्या डिझायनरांचे मधले दिवस कसे गेले असतील याची कल्पना करा. दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असलेलं हत्यार दूरच्या निर्णयावरही अवलंबून असतं.

सबस्क्रिप्शन थांबवलं तर माझ्या फाइल्सचं काय होतं?

फाइल तुमची, तुमच्या डिस्कवरच राहते. ती उघडायची कशात, हा खरा प्रश्न. सबस्क्रिप्शनची तुलना नेहमी भाड्याच्या घराशी होते, पण घर सोडताना सामान तरी बरोबर नेता येतं. इथे सामान आपलं असूनही कपाटाची किल्ली घरमालकाकडे राहते.

किती अडचण होईल हे फाइलच्या प्रकारावर आहे. फोटोशॉपची पीएसडी इतर बरीच सॉफ्टवेअर उघडतात. थर दिसतात, मजकूर किंवा काही इफेक्ट इकडेतिकडे होतात. पानांची मांडणी करायच्या इनडिझाइनची मूळ फाइल मात्र इतरत्र सहसा उघडत नाही, इनडिझाइनच्याच जुन्या आवृत्तीतही नाही. तिची आयडीएमएल, म्हणजे अदलाबदलीसाठीची, प्रत काढून ठेवली असेल तर आशा आहे. व्हिडिओचे प्रोजेक्ट सगळ्यात हट्टी. कट आणि टाइमलाइन एक्सएमएल किंवा ईडीएल या कटांची नोंद ठेवणाऱ्या फाइलमधून दुसरीकडे नेता येतात, पण रंगसंस्कार, इफेक्ट, अ‍ॅनिमेट केलेली शीर्षकं यांतलं फारसं काही पोचत नाही. संगीतात प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवणं हाच भरवशाचा मार्ग.

लाइटरूम क्लासिक याबाबतीत उदार आहे. सबस्क्रिप्शन संपल्यावरही ते उघडतं, कॅटलॉग दिसतो, फोटो एक्सपोर्ट करता येतात. डेव्हलप आणि नकाशा हे भाग तेवढे बंद होतात.

आणि क्लाउडवर ठेवलेलं? मुदत संपल्यावर मोफत खात्याच्या मर्यादेपेक्षा जास्त साठा फार काळ राहील असं समजू नका. ते आधीच उतरवून घ्या.

मासिक, वार्षिक आणि ‘वार्षिक पण मासिक हप्त्यांनी’ यांत घोळ होतो. कोणतं घ्यावं?

घोळ तिसऱ्यात आहे. दर महिन्याचा दिसतो, करार वर्षाचा असतो. मध्येच सोडलं तर उरलेल्या हप्त्यांचा काही भाग दंड म्हणून भरावा लागू शकतो. अ‍ॅडोबीच्या अशाच योजनेत तो उरलेल्या रकमेच्या निम्मा होता, आणि ग्राहकांना तो नीट दिसत नव्हता, रद्द करणंही अवघड केलं होतं, असा आरोप करत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४मध्ये कंपनीवर खटला भरला. पैसे भरायच्या पानावर दराच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. आपोआप नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये दोन आठवडे आधीची टाका.

इंटरनेट नसेल तर चालतं का?

दोन्ही प्रकार बहुधा चालतात. सबस्क्रिप्शनवालं सॉफ्टवेअर अधूनमधून सर्व्हरशी बोलून घेतं, ते झालं नाही तर काही काळाने अडून बसतं. लांबच्या चित्रीकरणाला निघण्याआधी एकदा ऑनलाइन उघडून घ्या.

मी टीममध्ये काम करतो. मला निवड आहे का?

फारशी नाही. ग्राहक किंवा स्टुडिओ उघडी, म्हणजे संपादन करता येईल अशी मूळ फाइल मागत असेल तर ते जे वापरतात आणि ज्या आवृत्तीत वापरतात, तेच तुम्हाला वापरावं लागेल. तो खर्च कामाच्या दरात धरा, त्यावर वाद घालत बसू नका. मात्र छापखान्याला पीडीएफ, वाहिनीला मास्टर फाइल, वेबसाइटवाल्याला पीएनजी आणि एसव्हीजी एवढंच जात असेल, तर तुम्ही ते कशात बनवलं याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. बरेच एकट्याने काम करणारे ‘इंडस्ट्रीत हेच चालतं’ या भीतीपोटी सबस्क्रिप्शन भरत राहतात आणि वर्षभरात एकही उघडी फाइल कोणाला पाठवत नाहीत.

विद्यार्थ्यांनी काय करावं?

सवलतीचा फायदा जरूर घ्या. शिक्षण संपल्यावर दर किती होतो, तो आकडा मात्र आजच बघून ठेवा.

एआयच्या सुविधांमुळे हे गणित बदलतं का?

बदलतं. चित्रातला भाग शब्द टाइप करून भरून घेणं, अशा कित्येक गोष्टी तुमच्या कम्प्युटरवर होतच नाहीत. त्या कंपनीच्या सर्व्हरवर होतात आणि प्रत्येक वेळी कंपनीचा खर्च होतो. त्यामुळे त्या एकरकमी किमतीत कायमच्या देणं कोणाला परवडणारं नाही, आणि सबस्क्रिप्शनमध्येही त्या क्रेडिटने, म्हणजे वापराच्या ठरावीक कोट्याने, मोजून मिळतात. तुमचं रोजचं काम यांवर चालत असेल तर कायमस्वरूपी परवान्याचा विचार सोडा. आवाजातला गोंगाट काढणं किंवा फोटोतला विषय निवडणं यांसारखी कामं मात्र अनेक सॉफ्टवेअर तुमच्याच मशीनवर करतात. ती परवान्यातही मिळू शकतात.

एकदाच पैसे भरून चांगलं काय मिळतं आजही?

व्हिडिओसाठी डाव्हिंची रिझॉल्व्ह स्टुडिओ. आजवर त्याच्या नव्या आवृत्त्या जुन्या ग्राहकांना विनामूल्य मिळत आल्या आहेत. मॅकवर फायनल कट प्रो. संगीतात एबलटन लाइव्ह, रीपर, आणि आयुष्यभर मोफत अपडेट देणारा एफएल स्टुडिओ. आयपॅडवर चित्रं काढायला प्रोक्रिएट. फोटोंसाठीचं कॅप्चर वन दोन्ही पद्धतींनी मिळतं, पण २०२३पासून त्याच्या परवान्यात पुढच्या नव्या सुविधा येत नाहीत, ज्या आवृत्तीसाठी पैसे भरले तिच्याच दुरुस्त्या मिळतात.

‘आयुष्यभर’ या आश्वासनावर मात्र सगळं पणाला लावू नका. चित्रं काढायच्या क्लिप स्टुडिओ पेंटच्या ग्राहकांना वर्षानुवर्षं मोफत सुधारणा मिळत गेल्या, मग मार्च २०२३मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि ती पैसे भरूनच. धोरण बदलायला पत्रक पुरतं.

मोफत सॉफ्टवेअरवर व्यवसाय करता येतो?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर नक्कीच करता येतो, आणि लोक करतात. मोफतमध्येही दोन जाती आहेत. ब्लेंडरच्या मागची कंपनी बंद पडली तेव्हा २००२ साली लोकांनी काही आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड मोकळा करून घेतला. आता तो कोणीही काढून घेऊ शकत नाही. क्रिटा, इंकस्केप, गिंप, डार्कटेबल हे त्याच जातीचे.

दुसरी जात म्हणजे कंपनीने मोफत ठेवलेलं. अ‍ॅफिनिटीची डिझाइन आणि फोटोंची सॉफ्टवेअर ‘सबस्क्रिप्शन नाही’ या वचनावर वाढली. २०२४मध्ये कॅनव्हाने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५मध्ये ती सगळी एकत्र करून मोफत केली. एआयच्या सुविधांसाठी मात्र कॅनव्हाचं पैसे भरून घ्यायचं खातं लागतं. सध्या सौदा उत्तम आहे, वापरा. पण ज्याचे पैसेच भरले नाहीत त्याच्या भविष्याबद्दल तुम्हाला कोणी विचारणार नाही. फाइल्सच्या खुल्या प्रती इथेही काढून ठेवा.

क्रॅक केलेलं चालेल?

नाही. कायद्याचा मुद्दा आहेच. शिवाय ज्या मशीनवर ग्राहकाचं अप्रकाशित काम आहे, तिथे कोणी अनोळखी माणसाने उघडून पुन्हा शिवलेला प्रोग्राम चालवणं हा वेडेपणा आहे.

शेवटी कोणी काय घ्यावं?

नवशिक्याने काही विकत घेऊ नये. मोफत काहीतरी घेऊन सहा महिने काम करावं, अडलं कुठे ते बघावं. एकट्याने काम करणाऱ्या, तयार फाइल देणाऱ्या व्यावसायिकाने कायमस्वरूपी परवाना हे मुख्य हत्यार ठेवावं आणि एखादं काम मागेल तेव्हा सुट्या महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्यावं. आमच्या मते बहुतेकांना हे मिश्रणच परवडतं. एजन्सी, स्टुडिओ, रोज उघड्या फाइल्सची देवाणघेवाण करणारे यांनी सबस्क्रिप्शन घ्यावं. आणि ज्यांचं काम दहा-वीस वर्षांनी पुन्हा उघडावं लागणार आहे, म्हणजे संग्रह सांभाळणारे, माहितीपट करणारे, पुस्तकमालिका काढणारे, त्यांनी आधी फाइल कशात साठवायची ते ठरवावं आणि मग सॉफ्टवेअर बघावं.

सबस्क्रिप्शन सोडायचं ठरलंय. आधी काय करू?

करार कधी संपतो ते बघा आणि किमान महिनाभर आधी सुरुवात करा, कारण जुनी कामं उघडून निर्यात करायला वाटतो त्याच्या दुप्पट वेळ जातो. सगळी कामं करत बसू नका. पुन्हा लागण्याची शक्यता आहे तीच निवडा. मांडणीच्या कामांची आयडीएमएल आणि छपाईयोग्य पीडीएफ, चित्रांची पीडीएफ किंवा एसव्हीजी, फोटोंची १६-बिट टिफ, व्हिडिओचा उच्च दर्जाचा मास्टर आणि टाइमलाइनचं एक्सएमएल. लाइटरूममधली सेटिंग फोटोंसोबत एक्सएमपी या नोंदींत लिहून घ्या. क्लाउडवरचं सगळं उतरवा. मग नवं सॉफ्टवेअर जुन्याच्या शेजारी टाका, त्यात निदान एक खरं, पैसे मिळणारं काम पूर्ण करा, आणि त्यानंतरच रद्द करा.

फॉन्ट शेवटी आठवतात, म्हणून इथे वेगळं लिहिलं. सबस्क्रिप्शनबरोबर मिळालेले फॉन्ट त्याच्याबरोबरच जातात. ते ज्या ग्राहकांच्या बोधचिन्हात किंवा नियमित कामात वापरले आहेत त्यांची यादी काढा आणि त्या फॉन्टचे स्वतंत्र परवाने मिळतात का, कितीला मिळतात, हे रद्द करण्याआधी विचारून घ्या.